आईचं हेड गॅस्केट

आईचं हेड गॅस्केट गेलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही असं आमच्या घरात ठरलं आहे. त्यापुढचं तर मुळीच सांगायचं नाही. पप्पांनी देव्हाऱ्यासमोर माझा हात धरून वदवून घेतलं, "बोलणार नाही." मी नाहीतरी फारशी बोलत नाही. लिहिण्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत.

आमच्या खडकोशीत दारात आलेल्या गाडीला जी ओवाळते, तिच्या अंगावर ती गाडी येते. मग गाडीत जो बिघाड होईल तो तिच्यातही होतो. गाडी दुरुस्त केली की ती बरी होते, गाडी विकली आणि पुढच्या घरच्या बाईने ओवाळली की ती सुटते. यात कुणाला नवल वाटत नाही. उलट सोय आहे म्हणतात. दुसरीकडे मेस्त्री गाडीखाली सतरंजी टाकून झोपतात, कपडे काळे करून घेतात. आमच्याकडे दिगूमामा मेस्त्री ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, चहा मागवतात आणि म्हणतात, "वहिनी, जरा जिना चढून दाखवा बघू." आई जिना चढते. मामा कान देऊन ऐकतात आणि पप्पांना सांगतात, काय गेलं आहे.

विम्याचं विचारायला पप्पा एकदा गेले होते. तिथल्या साहेबांनी फार शांतपणे समजावून सांगितलं, "गाडीला दिसणारं नुकसान आम्ही धरतो. बाईला दिसणारं धरत नाही. ते नेहमीच्या झिजेत येतं." पप्पांना हे पटलं. मला अजून पटलेलं नाही.

आमची गाडी राखाडी रंगाची आहे आणि जुनी घेतलेली आहे. "एका डॉक्टरांची होती, फक्त रविवारी बाहेर काढायचे," असं पप्पांनी आईला सांगितलं होतं. मी तेव्हा पाचवीत होते. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, ओवाळलं, आणि ताट खाली ठेवायला वाकली तेवढ्यात तिच्या डाव्या गुडघ्यातून खट असा आवाज आला. पप्पा म्हणाले, "वय झालं तुझं." आई तेव्हा सदतीस वर्षांची होती.

गाडी खड्ड्यातून जाताना खट वाजली तर शॉकरची रबरं किंवा लिंक रॉड बघायचा असतो. फार मोठं काम नसतं. हे मला पुढे कळलं. पप्पांना तेव्हाच ठाऊक होतं, कारण घेण्यापूर्वी त्यांनी गाडी आमच्याच रस्त्यावरून चालवून पाहिली होती.

मी गप्प बसते म्हणून लोक माझ्यासमोर सगळं बोलतात. त्यामुळे मी पुष्कळ शिकले. ज्यांच्या घरी गाडी आहे आणि आई आहे, त्यांच्या उपयोगासाठी ते इथे लिहिते.

पप्पांचा फरशीचा धंदा आहे. त्यासाठी त्यांना हायवेने जावं लागतं. ते बाहेर पडले की थोड्या वेळाने घरी आईचे हात थरथरायला लागायचे, चहा बशीत सांडायचा. वेग ऐंशीच्या वर गेला की थरथर, आणि कमी झाला की बंद, असं असेल तर चाकांचं बॅलन्सिंग करून घ्यायचं. आई चालताना डावीकडे ओढली जायची, पाणी आणायला निघाली की तुळशीकडे पोचायची. अशा वेळी आधी चारही टायरची हवा बघायची. हवा सारखी असूनही ओढ राहिली तर अलाइनमेंट. या दोन्ही गोष्टी टायरच्या दुकानात चहा पिऊन होईपर्यंत होतात. पप्पा चहा प्यायचे. कामं करून घ्यायचे नाहीत.

"हळू चाल ना मग," ते आईला म्हणायचे. "एवढी घाई कुणी सांगितली आहे?"

घाई ते स्वतः करत होते, घाटात, ट्रकच्या पुढे जाण्यासाठी. आई फक्त भाकऱ्या करत होती.

नंतर ती कुठे थांबली की चर्र असा आवाज यायला लागला. देवळात, दुकानात, शाळेच्या मीटिंगमध्ये. माझ्या वर्गातल्या मुली हसल्या. थांबताना चर्र वाजतं तेव्हा ब्रेकचे पॅड झिजलेले असतात. तो आवाज मुद्दाम तसा ठेवलेला असतो, म्हणजे माणसाने ऐकावं. ऐकलं नाही तर पॅड संपतात, लोखंडावर लोखंड घासतं आणि डिस्कही जाते. पप्पांनी गाडीत गाणी मोठ्याने लावायला सुरुवात केली.

सकाळचा प्रकार वेगळाच होता. आई उठायची नाही. डोळे उघडे, आणि जिभेची नुसती टक टक टक. किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक होत असेल तर दोष बहुतेक बॅटरीचा असतो. टोकांवर हिरवट पांढरी पूड धरलेली असते. कोमट पाणी ओतून, ब्रशने घासून, वर व्हॅसलीन लावलं की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पप्पांनी बॉनेट कधी उघडलंच नाही. धक्का मारून चालू करणं त्यांना सोपं वाटायचं. आता आमच्याकडे धक्का गाडीला मारा किंवा आईला मारा, परिणाम एकच होतो. पप्पा म्हणायचे, "गाडी जड आहे, हिलाच ढकलू." मग ते आईला खाटेवरून उठवून, पाठीला हात लावून, पडवीतून अंगणाच्या उताराकडे ढकलत न्यायचे. तुळशीजवळ ती एकदम हिसका देऊन चालू व्हायची आणि तशीच चुलीकडे जायची.

शेजारच्या बायका बघायच्या. कुणाला काही वाटायचं नाही, कारण त्यांनाही कुणी ना कुणी ढकलत होतं.

हे सगळं मी सहन केलं असं म्हणणार नाही. सहन आई करत होती. मी रागाने बघत होते आणि शिकत होते.

गणपती झाले आणि आई तापायला लागली. ताप नव्हे. डॉक्टरांकडे नेण्यासारखं काही नव्हतं. पप्पा घाट चढायला लागले की तिचा चेहरा लाल व्हायचा, कपाळावर हात ठेवला तर चटका बसायचा. गाडी तापली तर ती बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि निवू द्यायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, वाफ अंगावर येते. इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, तडा जातो. थांबायची सोयच नसेल तर गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन थोडं निवतं. पप्पांना घामाचा कंटाळा, ते हीटर लावायचे नाहीत. म्हणून मी शाळेतून आल्यावर आईला चिकटून बसायचे. तिची उष्णता माझ्यात यायची. ती म्हणायची, "सरक गं बाई, भाजशील." मी सरकायचे नाही.

पप्पा संध्याकाळी येऊन गाडीत नळाचं पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "झालं बघ. तहान लागली होती तिला."

पण पाणी रोज कमी होत होतं आणि गाडीखाली थेंब सुद्धा पडलेला नसायचा. मी टॉर्च घेऊन पाहिलं. पाणी जात होतं आणि बाहेर सांडत नव्हतं, म्हणजे ते आत कुठेतरी जात होतं. आई बोलायला लागली की तोंडातून पांढरी वाफ यायची, भर उन्हात, आणि तिला गोडसर वास होता.

आईचे हात थरथरत, म्हणून तिच्या केसांना तेल मी लावत असे. एका रविवारी वेणी घालताना माझे हात चिकट आणि फेसाळ झाले. बघितलं तर आदल्या दिवशी लावलेलं तेल दुधासारखं झालं होतं, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं. मी अंगणात गेले, गाडीचं बॉनेट उघडलं आणि इंजिन ऑइलचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तोच रंग होता.

तेलात पाणी गेलं होतं. याला दुसरा अर्थ नसतो. तेल आणि पाणी एकमेकांपासून वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलं होतं.

मी दिगूमामांकडे गेले आणि हळू आवाजात सांगितलं. मामांनी मला पुन्हा सांगायला लावलं, कारण पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. मग ते घरी आले. त्यांनी आईला जिना चढायला सांगितलं नाही. वेणीचं टोक बोटांत धरून पाहिलं आणि पप्पांना म्हणाले, "हेड उतरवावं लागंल, विश्वासराव. चार दिवसाचं काम. असंच हाणत राहिलात तर इंजिन जाम व्हणार."

"दसऱ्याला विकतोच आहे," पप्पा म्हणाले. "तोवर काही होतं का बघा."

"भेग बुजवायची पावडर टाकतो. जरा दाट तेल टाकतो. आठवडाभर कळायचं नाही कुणाला."

"बास की मग."

जाम होणं म्हणजे काय ते आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. पोवारमामींचं इंजिन जाम झालं, त्यांच्या घरच्यांनी जीप भंगारात दिली, आणि भंगारवाल्याच्या बायकोने ती काही ओवाळली नाही. मामी अजून खिडकीत बसलेल्या असतात, एक हात पुढे केलेला. घरचे त्या हातावर टॉवेल वाळत घालतात.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, "विकली की सुटशील तू."

आई वाफ टाकत म्हणाली, "मी सुटेन गं. पण कुणाची तरी लेक ती ओवाळेलच ना."

"मग तू सांग ना त्यांना."

"मी सांगितलं तर ही गाडी कोण घेईल? आणि हे दुरुस्त करतील?" तिने माझ्या गालाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. चटका बसला होता.

दसऱ्याच्या सकाळी साळोखे मंडळी आली. साळोखेकाका, त्यांचा मुलगा रणजित आणि नवी सून धनश्री. आमच्याकडे गाडी बघायला येणारे गाडी बघत नाहीत, बाई बघतात. म्हणून पोहे केले होते. पप्पांनी आईला जरीची साडी नेसवली होती, पहाटेपासून पंख्याखाली बसवली होती, आणि आदल्या दिवसापासून गाडी दारातून हलवली नव्हती. केस अंबाड्यात बांधून वर गजरा घालायला लावला होता, म्हणजे तेल दिसणार नाही.

साळोखेकाकांनी पोहे खाता खाता विचारलं, "किती चालल्यात?"

"फार नाही. घरच्या घरीच," पप्पा म्हणाले.

"जरा फिरून दाखवता का, ताई?"

आई दारापर्यंत जाऊन आली. पप्पांनी त्याच वेळी रेडिओचा आवाज वाढवला, त्यामुळे गुडघा कुणाला ऐकू आला नाही.

"डावीकडं वढतात वाटतं."

"तिकडे देव आहेत ना, म्हणून," पप्पा म्हणाले. "सवय आहे तिला नमस्काराची."

"एकदा हसून दाखवा."

आई हसली. रणजित म्हणाला, "आवाज स्मूथ आहे." पावडर आणि दाट तेलाने काम केलं होतं. साळोखेकाकांनी पप्पांच्या हातात नारळ दिला आणि धनश्रीला म्हणाले, "चल, सूनबाई. मुहूर्त आहे तोवर ओवाळून घे."

ताट तयार करायला ती माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली. तिच्या हातातला हिरवा चुडा अजून एकाही ठिकाणी फुटला नव्हता. ती निरांजनात वात ठेवत होती आणि मला विचारत होती, "तुमच्याकडे झेंडू काय भाव मिळाला गं? आम्हाला लुटलंच."

सांगण्यापेक्षा दाखवणं मला सोपं होतं. म्हणून मी आईला हाक मारली, खाली बसवलं, गजरा काढला आणि अंबाडा सोडला. दुधी तेल तिच्या मानेवरून ओघळलं. धनश्रीने बोट लावून पाहिलं. तिच्या माहेरी टेम्पो होता, तिला कळलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि मला सांगितलं, टायर पण नवीन आहेत."

"टायर पण नवीन नाहीत," मी म्हटलं.

"आता मी बाहेर जाऊन काय सांगू? मामंजींनी नारळ दिलाय. नको म्हटलं तर घरी जाऊन मलाच ऐकून घ्यावं लागेल." मग ती आईकडे वळली. "काकू, तुम्हाला फार होतंय का हो?"

"नाही गं," आई म्हणाली आणि पावडर असूनही तिच्या तोंडातून वाफ आली.

आम्ही तिघी बाहेर आलो. गाडीला झेंडूची माळ घातलेली होती. धनश्री ताट घेऊन बॉनेटसमोर उभी राहिली आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" साळोखेकाका म्हणाले.

"मला भीती वाटतीय."

"कसली भीती? सगळ्या बायका ओवाळतात."

पप्पांना घाई झाली होती. मुहूर्तापेक्षा त्यांना पावडरची काळजी होती. ते हसत म्हणाले, "अहो, काही होत नाही. दिवा फिरवायचा फक्त. एवढं काय त्यात? लहान पोर सुद्धा करेल."

मी शाळेत उत्तर येत असूनही हात वर करत नाही. पाहुण्यांसमोर मी कधी पाण्याचा ग्लास देण्यापलीकडे काही केलेलं नाही. पण त्या वेळी माझा आवाज आला, आणि तो सगळ्यांना पहिल्यांदाच ऐकू गेला.

"मग तुम्हीच ओवाळा ना, पप्पा."

सगळे माझ्याकडे वळले. माझे कान गरम झाले. रणजित हसला. "पुरुष कधी ओवाळतात का?"

"का नाही?" मी म्हटलं. "काही होत नाही म्हणतात ना ते."

"बायकांनाच होतं ते," पप्पा चिडून म्हणाले. "पुरुषाला काय होणार आहे? आजपर्यंत ऐकलंय का कुणी?" कुणीच ऐकलं नव्हतं, कारण आजपर्यंत कुणी ओवाळलं नव्हतं. त्यांनी धनश्रीच्या हातातलं ताट ओढून घेतलं. "हे बघ, सूनबाई. बघ. असं आणि असं आणि असं. झालं काही?"

निरांजन फिरलं. बॉनेटवर उजेड हलला. पप्पा ताट ठेवायला वाकले आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यातून खट असा आवाज आला.

मी आईकडे बघत होते. तिच्या तोंडातून येणारी वाफ एकदम थांबली. तिने हात स्वतःच्या डोळ्यांसमोर धरले, उलटेसुलटे करून पाहिले. मग ती सरळ चालत, कुठेही न ओढली जाता, फाटकापर्यंत गेली, थांबली, आणि थांबताना काहीही वाजलं नाही.

पप्पांच्या सदऱ्याच्या कॉलरमधून वाफ निघत होती.

साळोखेकाकांनी थोडा विचार केला, पप्पांना दिलेला नारळ परत घेतला आणि म्हणाले, "तुमच्याकडंच ठेवा, विश्वासराव. तुम्हाला शोभतीय." फाटकातून जाताना धनश्रीने आईच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

मला राग येतो तो यापुढच्या गोष्टीचा. सणाचा दिवस होता, सगळी दुकानं बंद होती. पप्पांनी दिगूमामांना जेवणावरून उठवून आणलं. पुरणपोळीचा हात न धुताच मामांनी हेड उतरवलं. गॅस्केटसाठी शहरातल्या दुकानदाराच्या घरी फोन गेला आणि त्याला दुकान उघडायला लावलं. हेड कुठेतरी यंत्रावर सपाट करून आणलं. पॅड आले, शॉकरची रबरं आली, बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली. चार दिवसांचं काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. पप्पा खाटेवर पडून ओरडत होते, "मरतोय मी! कसं जगायचं माणसानं असं?"

आई त्यांच्या उशाशी बसली होती. तिने शांतपणे सांगितलं, "हळू चालायचं."

मग त्यांनी आम्हाला शपथ घातली. पुरुषाच्या अंगावर गाडी आहे हे बाहेर कळलं तर धंदा बसेल, म्हणाले. गाडी आता विकताही येत नाही, कारण पुढच्या घरी ओवाळायचं कुणी, हा प्रश्न प्रत्येक बाई विचारायला लागली आहे. कुठून कळलं कोण जाणे. मी तर बोलले नाही. धनश्रीबद्दल मला सांगता येणार नाही.

आता फक्त बॅटरी राहिली आहे. तिची ऑर्डर दिली आहे, उद्या यायची आहे. आई म्हणाली, बसवायची कशी ते तू नीट लिहून ठेव, सगळ्यांच्या उपयोगी पडेल. म्हणून लिहिते. जुनी बॅटरी काढताना आधी काळी वायर सोडवायची, मग लाल. दोन्हींची टोकं

आई पडवीतून हाक मारते आहे. "कस्तुरी, ये गं लवकर! पप्पांची नुसती टकटक चालली आहे. शेजारच्या दोघींना पण बोलाव, आपल्याच्याने हलायचे नाहीत."

"गाडीला मार की धक्का!" आतून पप्पांचा आवाज आला, अगदी बारीक.

"गाडी जड आहे," आई म्हणाली. "यांनाच ढकलू."

आले म्हटलं आहे. एवढं एकच पूर्ण करते: टोकं घासून घ्यायची, आणि नवी बसवताना क्रम उलटा, आधी लाल आणि मग